क्रूझवरची टीप : नागपूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सिंगापूरहून निघालेली आमची चार रात्रींची सफर संपत आली होती. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढे लांब रांग होती आणि माझ्या पुढेच आमच्या ग्रुपमधले मनीषनगरचे एक काका हातात हिशेबाचा कागद घेऊन उभे होते. त्यांचा नंबर आला तसा त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "आम्ही कुणाला टीप दिलीच नाही, मग हे १४४ डॉलर कशाचे लावले?" काउंटरवरच्या मुलीने समजावलं, दर माणशी दर दिवशी १८ डॉलर, दोन माणसं, चार दिवस. काका म्हणाले, काढून टाका. तिने एक फॉर्म पुढे केला, सही घेतली आणि रक्कम गेली.

त्याच काकांच्या केबिनमध्ये रोज पहाटे साडेपाचला गरम पाण्याचा थर्मास येत होता, कारण काकूंना उठल्याबरोबर गरम पाणी लागतं. थर्मास आणणारा इंडोनेशियाचा मुलगा आमच्याही केबिन बघायचा. काका कंजूष नाहीत. बर्डीवर कुठे जेवायला बसले की उठताना वेटरच्या हातात नोट ठेवल्याशिवाय ते निघत नाहीत. त्यांना नागपुरात कुणी सांगितलंच नव्हतं की ते १४४ डॉलर त्या मुलाच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कमाईचा भाग आहेत. टूरच्या माहितीपत्रकात "ग्रॅच्युइटी वेगळी" एवढीच ओळ होती, तीही बारीक अक्षरात. ग्रॅच्युइटी म्हटलं की आपल्याला निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम आठवते. त्या शब्दाचा क्रूझवर काय अर्थ होतो, ते प्रवासाला निघण्याआधी समजायला हवं. म्हणून हे सगळं घरून निघण्यापासून परत उतरण्यापर्यंत, ज्या क्रमाने समोर येतं त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी हे पैसे कशाचे, ते

पूर्वी क्रूझवर तुमचं जेवणाचं टेबल ठरलेलं असे आणि रोज तोच वेटर, तोच त्याचा मदतनीस असे. शेवटच्या दिवशी केबिनमध्ये रिकामी पाकिटं ठेवली जात आणि प्रवासी त्यात पैसे घालून आपापल्या माणसांना देत. पुढे जहाजं मोठी झाली, एकाच जहाजावर दहा-पंधरा जेवणघरं आली, आज इथे तर उद्या तिथे जेवायची सोय झाली. मग पाकीट द्यायचं कुणाला? साधारण २००० सालापासून मोठ्या कंपन्यांनी दर दिवसाचं ठरावीक सेवाशुल्क, म्हणजेच क्रूझवरची ग्रॅच्युइटी, थेट प्रवाशाच्या खात्यावर लावायला सुरुवात केली. आता जवळपास सगळ्या मोठ्या जहाजांवर हीच पद्धत आहे. ही रक्कम तुमची केबिन आवरणारा, जेवणघरातले वेटर आणि मदतनीस, आणि बऱ्याच कंपन्यांत लाँड्री किंवा स्वयंपाकघरासारख्या पडद्यामागच्या विभागातली माणसं, यांच्यात वाटली जाते.

म्हणजे नाव टीपचं असलं तरी काम पगाराचं आहे. या नोकऱ्यांचा मूळ पगार कमी ठेवलेला असतो आणि नोकरी घेताना मुलाला सांगितलं जातं की ग्रॅच्युइटी धरून एवढे पडतील. ही पद्धत बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. मला स्वतःला पूर्ण पगार तिकिटात धरणाऱ्या कंपन्या जास्त पटतात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये हे दैनंदिन शुल्क बंदच केलं, आणि रीजंट, सीबॉर्न, सिल्व्हरसी अशा महागड्या कंपन्या ते भाड्यातच धरतात. पण बाकीच्या जहाजांवर पद्धत आहे ती अशी आहे, आणि काउंटरवर जाऊन ओळ खोडली तर कंपनीचं काही जात नाही, त्या मुलाचं जातं.

या लोकांच्या कामाचे तासही लक्षात घ्या. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातल्या विश्रांतीच्या नियमानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले तर ९१ उरतात. इतके तास काम करून घेणं नियमात बसतं! काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं असतं आणि त्या काळात आपल्यासारखा रविवार नसतो.

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट करून दोन काँट्रॅक्ट सहायक वेटर म्हणून राहून आला. साइन ऑफ करून, म्हणजे काँट्रॅक्ट संपवून, घरी आला की पहिले दोन दिवस नुसता झोपायचा. त्याची आई दार उघडून बघायची आणि परत लोटून द्यायची.

नागपुरातच विचारून घ्यायचं

बुकिंग एजंटकडून करा की टूर कंपनीकडून, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. क्रूझची ग्रॅच्युइटी या दरात धरली आहे का? धरली असेल तर ती जहाजाची, की टूर मॅनेजर, बसचा ड्रायव्हर आणि गाइड यांची? आणि धरली नसेल तर आत्ता आगाऊ भरता येते का?

दुसऱ्या प्रश्नावर जास्त लोक फसतात. आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये "टिप्स समाविष्ट" लिहिलेलं असतं ते बरेचदा जमिनीवरच्या गाइड-ड्रायव्हरपुरतं असतं. जहाजावर चढल्यावर तेच शुल्क डॉलरमध्ये वेगळं दिसतं आणि घरातले सगळे म्हणतात, आपण तर दिले होते. फोनवर "हो हो, सगळं आहे" असं ऐकू आलं तर तेवढ्यावर थांबू नका. मेसेजवर "जहाजाची दैनंदिन ग्रॅच्युइटी समाविष्ट" असे शब्द मागवा आणि तो मेसेज जपून ठेवा.

आगाऊ भरता येत असेल तर मी भरायलाच सांगतो. रक्कम इथेच चुकती होते, जहाजावर शेवटच्या रात्री अंगावर येत नाही, आणि मधल्या काळात कंपनीने दर वाढवला तरी सहसा जुन्याच दराने भागतं. हे दर दर एक-दोन वर्षांनी वाढत आले आहेत.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप करणाऱ्या कॉर्डेलियासारख्या जहाजाने जाणार असाल तर डॉलरचा प्रश्न येत नाही. विदर्भ एक्स्प्रेसने किंवा दुरांतोने सीएसएमटीला उतरलात की बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल जवळच आहे. तिथेही बुकिंगच्या हिशेबात भाडं, बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी अशा ओळी सुट्या करून मागा. एकूण आकडा बघून सही करू नका.

हिशेब मांडा

मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचा साध्या केबिनसाठीचा दर सध्या दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलरच्या दरम्यान पडतो. सुइटला त्याहून दोन-पाच डॉलर जास्त. दिवस रात्रींप्रमाणे मोजतात, म्हणजे चार रात्रींच्या सफरीला चार दिवस.

आई, बाबा, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा असं धरमपेठेतलं एक कुटुंब धरा. चार माणसं, चार रात्री, १८ डॉलर. २८८ डॉलर झाले. डॉलर ९० रुपयांना धरला तर २५,९२० रुपये. हे पंचवीस-सव्वीस हजार तिकिटाच्या किमतीत लिहा, "वरचा खर्च" म्हणून नाही. तिकीट स्वस्त वाटून घेतलं आणि हे आठवलंच नाही, असं होतं तेव्हाच माणूस शेवटच्या रात्री रांगेत उभा राहतो.

मुलांचा प्रश्न हमखास येतो. नऊ वर्षांचं पोर काय खातं, त्याचे पण तेवढेच? बहुतेक कंपन्यांत हो, तेवढेच. काहींमध्ये दोन किंवा तीन वर्षांखालच्या बाळाला माफ असतं, काही युरोपीय कंपन्या लहान मुलांना निम्मं लावतात. आणि खरं सांगायचं तर केबिन आवरणाऱ्याला आपल्या पोरांचं काम मोठ्यांपेक्षा जास्तच पडतं. गादीवर चिवड्याचा चुरा, पोहण्याच्या तलावातून आलेले ओले कपडे, चार-चार टॉवेल.

कार्ड आणि नोटा

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर चढतो आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून वसूल होतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. ऑक्टोबर २०२० नंतर निघालेली कार्डं सुरुवातीला देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर सहसा दोन ते साडेतीन टक्के जादा लावतात, वर त्या रकमेवर जीएसटी. वरच्या कुटुंबाच्या २५,९२० वर हेच सात-आठशे, कधी हजाराच्या घरात जातं. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) असेल तर जहाज ते केबिनच्या खात्यासाठी घेतं का, ते आधी विचारा.

मग रोख कशाला? वरून जे हाताने द्यायचं, त्यासाठी. सदर किंवा सीताबर्डीच्या मनी चेंजरकडे गेलात की तो शंभराच्या नोटा पुढे करतो. शंभराची नोट टीपला उपयोगाची नाही. दोन-तीन दिवस आधी फोन करून सांगा की मला एक, पाच, दहा आणि वीसच्या नोटा हव्यात. एक डॉलरच्या नोटा इथे लवकर मिळत नाहीत, पाचच्या मिळतात. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला छोट्या सफरीसाठी साठ ते शंभर डॉलर सुटे पुरतात. फाटकी, पेनाने लिहिलेली, शिक्का मारलेली नोट घेऊ नका. ती मिळालेल्या माणसाला बदलून घेताना त्रास होतो.

जहाजाचं चलन कोणतं तेही बघा. बहुतेक ठिकाणी अमेरिकन डॉलर, युरोपातून निघालं तर युरो, सिंगापूरच्या काही जहाजांवर सिंगापूर डॉलर. अमेरिकन डॉलर मात्र कर्मचारी कुठेही आनंदाने घेतात.

भारतीय रुपये परदेशी कर्मचाऱ्याला देऊ नका. आपल्या मनात भावना चांगली असते, पण मनिलाच्या माणसाने पाचशेची नोट कुठे बदलायची? नाणीही देऊ नका. परदेशी नाणी मनी चेंजर घेत नाहीत. आपल्याला एकवीस, एक्कावन्न असं वर एक ठेवून द्यायची सवय आहे, ती मोडायची गरज नाही. वीसची एक नोट आणि एकची एक, झाले एकवीस डॉलर. मी तसेच देतो. एकदा एका फिलिपिनो वेटरने विचारलं, हा एक डॉलर चुकून आला का? सांगितलं की आमच्याकडे शुभ रक्कम शून्यावर संपवत नाहीत. त्याने ती एकची नोट घडी घालून बिल्ल्यामागे खोचली, वीसची खिशात टाकली.

चढलात त्या दिवशी

केबिन आवरणारा पहिल्या संध्याकाळपर्यंत स्वतः येऊन भेटतो. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश लिहिलेला असतो. नाव वाचा, एकदा त्याच्यासमोर उच्चारून बघा, बरोबर आहे का विचारा. पुढचे चार दिवस नावाने हाक मारा. "ए, सुनो", चुटकी, शीळ, यातलं काही नको.

याच भेटीत आपल्या गरजा सांगून टाका. आता बऱ्याच जहाजांवर केबिन दिवसातून एकदाच आवरली जाते, तेव्हा सकाळी हवी की संध्याकाळी, हे तोच विचारतो. पलंग जोडून हवेत की वेगळे, उशा जास्त हव्यात का, सगळं एकदम सांगितलं की त्यालाही सोपं जातं. एकेकाकडे पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त केबिन असतात. आपण दर तासाला एक गोष्ट आठवून बोलावली तर बाकीच्यांची कामं मागे पडतात.

माझ्या आईला घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ती ७४ वर्षांची, पहिल्यांदाच देशाबाहेर. केबिनच्या बाथरूममध्ये जेट नसतो, फक्त कागद. आई काही बोलली नाही, पण दुपारपर्यंत तिने पाणीसुद्धा पिणं कमी केलं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी केबिनवाल्याला बाजूला घेऊन अडखळत सांगितलं. तो केरळचा निघाला, पुढचं वाक्य मला बोलावंच लागलं नाही. दहा मिनिटांत बाथरूमच्या कोपऱ्यात एक मोठा प्लास्टिकचा जग आला, आणि खाली घसरू नये म्हणून जास्तीची मॅट. त्याने आईला ते दाखवलंही नाही, नुसतं ठेवून गेला. त्याला मी त्याच संध्याकाळी दहा डॉलर दिले आणि शेवटी एकवीस. माझ्या मते ज्याला टीप म्हणावं ते हे. दैनंदिन शुल्क हा त्याचा पगार, आणि हे माझे आभार.

पहिल्या दिवशीच पैसे द्यावेत का, यावर मतं वेगळी आहेत. सगळं साधं असेल तर गरज नाही. सोबत म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा पथ्याचं जेवण असेल, म्हणजे त्याचं काम वाढणार हे आपल्यालाच माहीत असेल, तर पहिल्या संध्याकाळी पाच-दहा डॉलर देऊन ठेवावेत.

ती रिकामी ओळ

बारमध्ये, कॉफीच्या काउंटरवर, वेगळे पैसे लागणाऱ्या जेवणघरात किंवा स्पामध्ये जे घ्याल त्यावर १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी आपोआप लागते. दारूच नाही, मुलांच्या मॉकटेललाही. दहा डॉलरच्या मॉकटेलवर १८ टक्क्यांनी १.८० चढतात, ११.८० होतात. ड्रिंक पॅकेज घेतलं तर पॅकेजच्या किमतीवरही तसंच.

आता सहीसाठी जी पावती येते ती नीट वाचा. वर पेयाची किंमत, खाली ग्रॅच्युइटीची रक्कम, आणि त्याच्याही खाली एक रिकामी ओळ : अतिरिक्त टीप. मग एकूण, मग सही. नवखा माणूस ती रिकामी ओळ बघतो, आपण काही दिलं नाही असं त्याला वाटतं आणि तो दोन-तीन डॉलर लिहितो. दर पेयाला असं चार दिवस झालं तर शंभरेक डॉलर कुठे गेले ते कळत नाही. त्या ओळीवर आडवी रेघ मारा, एकूण रक्कम स्वतः लिहा, सही करा. यात कुणाचा अपमान होत नाही. एखाद्या बारटेंडरने तुमचं आवडतं लिंबूपाणी लक्षात ठेवून रोज न मागता पुढे केलं, तर शेवटच्या दिवशी पाच डॉलर हातात द्या.

रूम सर्व्हिसला काही जहाजांवर डिलिव्हरीचे पैसे लागतात. ते कंपनीचे असतात, आणणाऱ्याचे नाहीत. ट्रे घेऊन आलेल्याला दारातच दोन-तीन डॉलर द्यावेत, रात्री दोनला बोलावलं असेल तर पाच.

जेवणाच्या टेबलावर

आपल्या लोकांसाठी हा भाग महत्त्वाचा. मुख्य जेवणघरात वेटर, त्याचा मदतनीस आणि त्या भागाचा हेड वेटर अशी तीन माणसं असतात. छापील मेन्यूत शाकाहारी पदार्थ असतात, पण तिसऱ्या दिवशी आजोबांना वरण-भातच हवा असतो. हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर बऱ्याच जहाजांवर डाळ, भात, एखादी भाजी, पोळीसारखं काही करून मिळतं. जैन जेवणाची सोय बुकिंगच्या वेळीच कळवायची असते, पण जहाजावर त्याचा पाठपुरावाही हेड वेटरच करतो. रोज आत जाऊन स्वयंपाकघराशी बोलायचं, आमच्या टेबलाला कांदा-लसूण चालत नाही हे आठवण ठेवून सांगायचं, हे त्याचं जास्तीचं काम असतं. आमच्या बारा जणांच्या ग्रुपमध्ये सात जण शाकाहारी होते, त्यातल्या दोघांचा चातुर्मास. हेड वेटर रोज रात्री वही घेऊन यायचा आणि एकेकाला विचारून लिहून घ्यायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला साठ डॉलर दिले, माणशी पाच.

ग्रुपने जाणाऱ्यांनी असंच करावं. दुसऱ्याच दिवशी एकाने जबाबदारी घेऊन माणशी पाच-दहा डॉलर गोळा करावेत. शेवटच्या रात्री टेबलावर "तू दे, मी देतो" चालू झालं की वेटर संकोचून दूर जाऊन उभा राहतो.

वरून किती द्यावेत याचा सक्तीचा नियम नाही. मी चार रात्रींसाठी केबिनवाल्याला दहा ते वीस, वेटरला दहा, मदतनिसाला पाच आणि वेगळं जेवण मागितलं असेल तर हेड वेटरला दहा ते वीस, एका कुटुंबामागे असं धरतो. आठवड्याच्या सफरीला दुप्पट. मुलांच्या क्लबमधल्या ताईने एखाद्या रडक्या पोराला रमवलं असेल तर तिलाही द्या. खात्यावरचं शुल्क भरलं आणि वरचं जमत नसेल तर मनात काही आणू नका, तुमचं देणं पूर्ण झालेलं आहे. कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर यांना टीप देत नाहीत. काउंटरवरच्या मंडळींनाही सहसा नाही, "थँक यू" पुरे.

खाऊ द्यायचा असेल तर कंपनीचं सील असलेलाच द्या. संत्रा बर्फीचा न उघडलेला डबा ते घेतात आणि खाली सगळ्यांत वाटून खातात. घरचे लाडू कितीही प्रेमाने केले असले तरी बहुतेकांना ते घेता येत नाहीत. नाही म्हणताना त्यांनाच वाईट वाटतं, तेव्हा ती वेळ आणू नये.

जहाजावर मराठी बोलणारं कुणी भेटलं की आपल्याला आनंद होतो, गप्पा लांबतात. बोला, गाव विचारा. पण "आपलाच मुलगा आहे" म्हणून रांग सोडून कामं सांगू नका आणि केबिनमध्ये चहाला बोलावू नका. पाहुण्यांच्या केबिनमध्ये कामाशिवाय बसल्याने नोकरी जाऊ शकते.

मधल्या बंदरांत

किनाऱ्यावर उतरलात की त्या देशाची रीत. सिंगापूरला टीपची अपेक्षा नसते, हॉटेलच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क लागलेलंच असतं. जपानमध्ये टीप देऊ नये. अमेरिकेच्या बंदरावर सामान घेणारे पोर्टर जहाजाचे नोकर नसतात, त्यांना दर बॅगेमागे एक-दोन डॉलर देतात. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीत गाइडला माणशी दोन ते पाच डॉलर आणि ड्रायव्हरला त्याच्या निम्मे ठीक.

सेवा खरंच वाईट असेल तर

तसंही होतं. एका सफरीत आमच्या शेजारच्या केबिनमधला एसी दोन दिवस गळत होता आणि रोज "करतो" म्हणून कुणी येत नव्हतं. अशा वेळी शेवटच्या रात्रीपर्यंत राग साठवून शुल्क काढून टाकणं हा उपाय नाही. एसीची दुरुस्ती वेगळ्या विभागाकडे असते आणि शुल्क कापलं जातं वेटरचं आणि केबिनवाल्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच काउंटरवर जा, केबिन नंबर, तक्रार, वेळ सांगा, तक्रारीची नोंद झाली का विचारा. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर हाऊसकीपिंगच्या मॅनेजरला भेटायचं आहे म्हणा. त्या शेजाऱ्यांना असं केल्यावर दुसरी केबिन मिळाली.

"शुल्क काढतो आणि सगळं रोख देतो, म्हणजे ज्याला द्यायचं त्यालाच मिळेल," असं बरेच जण म्हणतात. हेतू चांगला आहे, पण तसं होतंच असं नाही. काही कंपन्यांत शुल्क काढलेल्या केबिनकडून मिळालेली रोख कर्मचाऱ्याला वाटपाच्या पैशात जमा करावी लागते. आणि न दिसणारी माणसं, चादरी धुणारी, ताटं घासणारी, त्यांना तुमची रोख पोचतच नाही.

शेवटचे दोन दिवस

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी जहाजाच्या ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर आपलं खातं उघडून बघा. ग्रॅच्युइटीची ओळ शोधा, माणसं गुणिले दिवस गुणिले दर करून पडताळा. आगाऊ भरलं असताना परत लागलं असेल तर बुकिंगची पावती घेऊन दुपारीच काउंटरवर जा, तेव्हा तिथे गर्दी नसते. उतरल्यावर दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं होतं. बुकिंगसोबत जहाजावर वापरायचं काही क्रेडिट मिळालं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते या शुल्कापोटी वळतं करता येतं, तेही विचारा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, साधारण दहा-अकरापर्यंत. त्या रात्रीतच खाली जातात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. माझ्या पहिल्या सफरीत टीपची पाकिटं मी दुपारीच नावं घालून तयार केली आणि बायकोच्या निळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवली. रात्री ती बॅग दाराबाहेर गेली. सकाळी केबिनवाला दारात निरोप द्यायला आला तेव्हा माझ्या खिशात काहीच नव्हतं. तो हसून "सेफ जर्नी" म्हणाला आणि पुढच्या केबिनच्या चादरी काढायला गेला, कारण दुपारी नवे प्रवासी येणार होते. ती पाकिटं मला टर्मिनलवर बॅग मिळाल्यावर सापडली, आणि तिथून परत जहाजावर जाता येत नाही. आजही तो हसरा चेहरा आठवला की चुटपुट लागते.

म्हणून पाकिटं हातातल्या पिशवीत ठेवा, आणि द्यायची ती शेवटच्या संध्याकाळी. केबिनवाल्याला जेवायला जाण्याआधी गाठा, कारण त्या वेळी तो कॉरिडॉरमध्येच असतो. वेटरला जेवण झाल्यावर टेबलावरून उठताना द्या. हातात द्या, डोळ्यांत बघून, नाव घेऊन. सोबत दोन ओळी लिहिल्या तर फार छान. मुलांना लिहायला सांगा, मोडक्या इंग्रजीत चालतं. देतानाचा फोटो मात्र काढू नका.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत कंपनीचा ईमेल येतो, सफर कशी झाली विचारणारा. इथे आपण चुकतो, कारण सोनेगावला उतरलो की कपडे धुणं, दुकान, ऑफिस सुरू होतं आणि तो ईमेल तसाच राहतो. भाचा सांगतो, पाकीट मिळालं तर बरंच वाटायचं, पण सर्वेत कुणी नाव लिहिलं की सुपरवायझर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते वाचून दाखवायचा, आणि पुढच्या बढतीच्या वेळी ती नावं मोजली जायची. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळी बिल्ल्यांवरची नावं मोबाइलमध्ये जशीच्या तशी उतरवून घ्या, पुढे काम आणि डेकचा नंबर लिहा. ईमेल आला की चौकोनात ती नावं घाला आणि कोणी काय केलं ते एका वाक्यात लिहा : पहाटे साडेपाचला गरम पाणी आणलं, आजीसाठी जग आणून ठेवला, सात जणांची जेवणं रोज वहीत लिहून घेतली.